एमआरआय ठाण्यात, रेडिएशन नवी मुंबईत: या दोन डॉक्टरांची गाठ कुठे पडते?

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. आईंचे वय ५८ आहे आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बायॉप्सीत सिद्ध झाला आहे. एमआरआय ठाण्यातील नौपाड्याच्या एका सेंटरमध्ये झाला आणि रेडिएशन नवी मुंबईतील रुग्णालयात ठरले. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये स्टेज ‘३सी१’ लिहिली आहे, तर रेडिएशनच्या डॉक्टरांनी फाइलवर ‘२बी’ लिहिली. त्यांनी वर आणखी एक सीटी करायला सांगितला आणि ‘पुढे पुन्हा एमआरआय लागेल’ अशीही कल्पना दिली. रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट हातात असताना हे पुन्हा पुन्हा कशासाठी, यात कट प्रॅक्टिस (रुग्ण पाठवण्याबद्दलचे कमिशन) आहे का, दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे आणि सगळे उपचार एकाच छताखाली हलवावेत का, असे आपण विचारले आहे.

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे आणि बरीच वर्षे ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातच काम करते. आपल्या आईंचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत आणि त्यांना तपासलेलेही नाही, त्यामुळे त्यांची स्टेज कोणती हे मी सांगणार नाही. मात्र आपला प्रश्न ‘कोणाचे खरे’ या वळणावर अडकला आहे, तो तिथून सोडवायला हवा. ज्याने चित्र वाचले तो रेडिओलॉजिस्ट, आणि ज्याला त्याच चित्रावर उपचाराच्या रेषा काढायच्या आहेत तो रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, हे दोघे उपचार सुरू होण्याआधी एकाच चित्रासमोर आले का, हे विचारणे माझ्या मते जास्त महत्त्वाचे आहे.

लोक दोघांनाही सर्रास ‘रेडिएशनवाले डॉक्टर’ म्हणतात, आणि त्यात फार चूक नाही. पूर्वी आपल्याकडे रेडिओलॉजीतच निदानासाठी डीएमआरडी आणि उपचारासाठी डीएमआरटी अशा दोन पदविका असत. ब्रिटनमध्ये आजही दोन्ही शाखांचे रॉयल कॉलेज एकच आहे. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. रेडिओलॉजिस्ट दिवसभर स्कॅन वाचतो, त्यामुळे बारीक बदल ओळखणारी त्याची नजर आमच्यापेक्षा कितीतरी तयार असते. किरणांची कड नेमकी कुठे पडणार, कोणत्या अवयवाला किती मात्रा सोसेल आणि चार मिलिमीटरच्या फरकाने काय बिघडेल, हे मात्र आम्हाला ठाऊक असते. यातील एकाचे ज्ञान दुसऱ्याकडे आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी कोणीतरी फोन उचलावा लागतो.

आधी स्टेजचा घोळ मिटवू. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची स्टेज फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार ठरते. २०१८ पर्यंत ती मुख्यतः हाताने तपासून ठरत असे आणि एमआरआयमध्ये लसिकाग्रंथी (आमच्या बोलण्यात नोड) सुजलेल्या दिसल्या तरी स्टेज बदलत नसे. २०१८ च्या सुधारणेत इमेजिंगला अधिकृत स्थान मिळाले: ओटीपोटातील नोडमध्ये आजार दिसला तर ३सी१, महाधमनीलगतच्या नोडमध्ये दिसला तर ३सी२. गर्भाशयमुखाच्या बाजूच्या ऊतींमध्ये, म्हणजे पॅरामेट्रियममध्ये, आजार गेला असेल पण नोड स्वच्छ असतील, तर २बी. याच नियमात असेही आहे की शंका असेल तेव्हा खालची स्टेज धरावी. म्हणजे आपल्या डॉक्टरांनी बोटांनी तपासून २बी लिहिले असेल आणि रेडिओलॉजिस्टने एखाद्या नोडवरून ३सी१ लिहिले असेल, तर दोघांनीही आपापल्या जागी प्रामाणिक नोंद केली असण्याची शक्यता मोठी आहे. विचारायचा प्रश्न असा आहे की तो नोड किती मोठा आहे, कुठे आहे, आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनी तो स्वतः स्क्रीनवर पाहिला का. फाइलवरील अक्षरापेक्षा त्या नोडचे पुढे काय करायचे ठरले, यावर उपचार अवलंबून आहेत.

याचे कारण एका उदाहरणाने सांगते. कळव्याच्या एका बाईंच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘एक सेंटिमीटरपेक्षा लहान काही नोड, विशेष महत्त्वाचे वाटत नाहीत’ अशा अर्थाचे एक वाक्य शेवटी होते. रेडिओलॉजिस्टला दोष देण्याजोगे त्यात काही नव्हते, कारण त्यांच्याकडे गेलेल्या चिठ्ठीवर ‘एमआरआय पेल्व्हिस’ एवढेच लिहिले होते. ना बायॉप्सी, ना तपासणीतील निष्कर्ष. रेषा काढण्याआधी मी त्यांना फोन लावला, दोघांनी आपापल्या स्क्रीनवर तोच स्कॅन उघडला आणि मी त्यांना विचारले, “माझी वरची कड साधारण महाधमनी जिथे दुभंगते तिथे संपते, त्या रेषेच्या आसपास काही संशयास्पद आहे का?” ते एकेक स्लाइस वर सरकवत गेले आणि ओटीपोटातील डाव्या कॉमन इलियाक रक्तवाहिनीजवळ थांबले. आठ मिलिमीटरचा नोड होता, पण लंबगोल असण्याऐवजी चेंडूसारखा गोल, आतून एकसारखा नसलेला, आणि डिफ्यूजनच्या (एमआरआयमधल्याच एका प्रकारच्या) चित्रात मूळ गाठीसारखाच उजळ. त्यांनीच पेट-सीटी सुचवला आणि तो नोड पेटवरही उजळला. त्यानंतर किरणांची वरची कड मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांच्या पातळीपर्यंत नेली आणि त्या नोडला वेगळी वाढीव मात्रा दिली. त्या संभाषणाला दहा मिनिटेही लागली नसतील. ते झाले नसते तर तो नोड किरणांच्या कडेवर, अर्धा आत आणि अर्धा बाहेर राहिला असता.

हे सरसकट सगळीकडे लागू होते असे मात्र नाही. कड वर नेली की आतडे आणि मूत्रपिंडे यांना जास्त किरण सोसावे लागतात, त्यामुळे प्रत्येक लहान नोडसाठी ती वर नेणे हाही उपाय नव्हे. नोड संशयास्पद धरण्यासाठी दहा मिलिमीटर ही मर्यादा सोयीची आहे, पण आपल्याकडे जुन्या क्षयरोगामुळे किंवा साध्या संसर्गामुळेही नोड मोठे होतात आणि पेटवर उजळतात. कधी सुईने नमुना घ्यावा लागतो, कधी वाढीव मात्रा देऊन टाकणे शहाणपणाचे ठरते. यातले काय करायचे हे रुग्णाच्या प्रकृतीवर, नोडच्या जागेवर आणि त्या रुग्णालयात काय उपलब्ध आहे त्यावर अवलंबून असते.

आता पुन्हा सांगितलेल्या सीटीविषयी. आपल्या संशयाला मी हसणार नाही. कट प्रॅक्टिस हा शब्द मुंबईकरांना उगाच पाठ झालेला नाही. पण रेडिएशनच्या आधी होणारा सीटी, ज्याला आम्ही सिम्युलेशन किंवा प्लॅनिंग सीटी म्हणतो, तो निदानासाठी नसतोच. निदानाच्या सीटीचा पलंग बहुधा खोलगट असतो. आमचा सपाट असतो, कारण उपचाराच्या मशीनचा पलंगही सपाट आहे आणि रुग्णाचे शरीर दररोज त्याच स्थितीत ठेवायचे असते. भिंतीवरच्या लेसरच्या रेषांवर त्वचेवर ठिपके गोंदले जातात. सीटीतील प्रत्येक बिंदूला हाउन्सफील्ड एकक या मापात एक आकडा असतो, आणि त्या आकड्यांवरून ऊतीची घनता काढून किरण आत किती शोषले जातील याचे गणित संगणक करतो. एमआरआय गाठ सुंदर दाखवतो, पण हा आकडा त्यातून थेट मिळत नाही. म्हणून मात्रेचे गणित सीटीवर आणि गाठीची हद्द एमआरआयवर, अशी विभागणी असते, आणि ही दोन चित्रे एकमेकांवर बसवण्याच्या कामाला फ्युजन म्हणतात.

फ्युजन ऐकायला सोपे वाटते, पण गर्भाशयाच्या बाबतीत ते फसवे आहे. नौपाड्यात एमआरआयच्या वेळी आईंचे मूत्राशय किती भरले होते, ते कोणी मोजलेले नसणार. सिम्युलेशनला आम्ही आधी लघवी करून यायला सांगतो, मग ठरावीक पाणी पाजतो आणि ठरावीक वेळ थांबवतो. मूत्राशय भरले की गर्भाशय वर-मागे ढकलले जाते, त्यामुळे हाडे नेमकी जुळली तरी गाठ जुळत नाही. अशा वेळी संगणकाने जुळवलेल्या चित्रावर विसंबून चालत नाही. ‘तुमच्या एमआरआयमधली ही कड माझ्या सीटीवर कुठे आली?’ हे रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून पाहावे लागते. जाता जाता एक सांगते: ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणारे काही रुग्ण उशीर नको म्हणून घरूनच पाणी पिऊन निघतात, आणि मशीनची रांग लांबली की त्यांचे हाल होतात. पाणी रुग्णालयात पोहोचल्यावर, तंत्रज्ञ सांगतील तेव्हाच प्यायचे.

या जादा सीटीचे किरण किती, अशीही शंका येते. ओटीपोटाच्या सीटीची मात्रा साधारणपणे काही दहा मिलिग्रेच्या घरात असते (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक). उपचारात बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणांची मात्रा साधारणपणे २५ बैठकांत मिळून ४५ ग्रे, म्हणजे ४५,००० मिलिग्रे असते. उपचार नेमके व्हावेत म्हणून तो सीटी करणे कोणत्याही हिशेबाने परवडते. सीटीला काँट्रास्ट देणार असतील तर त्याआधी क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिलेले असावे, विशेषतः एमआरआयमध्ये मूत्रवाहिनी दबून किडनीला सूज आल्याचे लिहिले असेल तर. ही सूज आढळल्यास स्टेज बदलू शकते आणि सोबत दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचाही फेरविचार करावा लागतो. रिपोर्टमध्ये ते वाक्य आहे का, हे आजच पाहा आणि असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या एमआरआयची वेळ येते ती बाहेरून द्यायचे किरण संपत आल्यावर, ब्रेकीथेरपीच्या सुमारास. यात गर्भाशयात एक नळी बसवून तिच्यातून इरिडियम-१९२ चा अगदी लहान स्रोत गाठीजवळ नेला जातो. तोवर गाठ बरीच आक्रसलेली असते, म्हणून सुरुवातीच्या एमआरआयवरची हद्द आता लागू नसते. नळी बसवलेल्या स्थितीत एमआरआय काढता आला, तर उरलेली गाठ आणि संपूर्ण गर्भाशयमुख मिळून एक लक्ष्य आखता येते आणि त्याला बाहेरचे किरण धरून एकूण ८५ ग्रेच्या तोडीची मात्रा पोहोचवताना मूत्राशय आणि गुदाशय वाचवता येतात. युरोपातून सुरू झालेल्या एम्ब्रेस या अभ्यासाने या पद्धतीचे फायदे दाखवले, आणि परळच्या टाटा मेमोरियलचा त्यात सहभाग होता. रेडिओलॉजिस्टची गरज इथे सगळ्यात जास्त भासते असा माझा अनुभव आहे. किरणांनी सुजलेली ऊती आणि शिल्लक आजार हे एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रात दोन्ही करडे दिसतात, आणि त्या करड्या भागातले किती लक्ष्यात घ्यायचे हे ठरवायला सुरुवातीचा एमआरआय, आताचा एमआरआय आणि तपासणीच्या वेळी हाताने काढलेले चित्र ही तिन्ही शेजारी मांडावी लागतात. अशी सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. कुठे नळी बसवण्याच्या थोडे आधी एमआरआय करून पुढचे काम सीटीवर करतात, कुठे सोनोग्राफीची मदत घेतात. कुशल हातांत त्याही पद्धती चांगल्या चालतात, म्हणून केवळ तेवढ्यासाठी रुग्णालय बदलण्याची घाई नको. बाहेरचे किरण आणि ब्रेकीथेरपी मिळून सगळे साधारण आठ आठवड्यांत पूर्ण होणे फार महत्त्वाचे आहे. रुग्णालय बदलण्यात पंधरा दिवस गेले तर मिळालेला फायदा त्यातच संपतो.

उपचार संपल्यावरचा काळ मात्र बहुतेक कुटुंबे, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ डॉक्टरही, गृहीत धरतात. किरण दिलेल्या भागात नंतर जे बदल दिसतात ते रेडिओलॉजिस्टला किरणांची माहिती नसेल तर सहज दुसरेच काहीतरी वाटू शकतात. ओटीपोटाला किरण घेतलेल्या, पाळी गेलेल्या बायकांच्या माकडहाडाच्या वरच्या हाडात, म्हणजे सेक्रममध्ये, कधीकधी कमकुवतपणामुळे बारीक भेगा पडतात. बोन स्कॅनवर किंवा पेटवर त्या उजळतात आणि ‘हाडात कर्करोग पसरला’ असा रिपोर्ट येऊ शकतो. दोन्ही बाजूंना सारखे, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे उजळणे पाहून जाणकार रेडिओलॉजिस्ट ते ओळखतो, पण त्यासाठी ‘पूर्वी रेडिएशन झाले आहे’ एवढी ओळ चिठ्ठीवर असावी लागते. एमआरआयमध्येही किरण पडलेल्या मणक्यांतील मज्जा चरबीत बदलून टी-वन चित्रात उजळ होते, आणि किरणांची कड जिथे होती तिथे हा बदल पट्टीने आखल्यासारखा सरळ थांबतो. ही रेषा दिसली की रेडिओलॉजिस्ट मला विचारतो, “तुमची वरची बॉर्डर एल-फोर-फाइव्हला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला) होती का?” असे विचारणारा रेडिओलॉजिस्ट मिळाला तर त्याला सोडू नये.

छातीच्या बाबतीत आपल्या भागात हा घोटाळा आणखी वेगळा होतो. स्तनाच्या कर्करोगासाठी गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या भागाला किरण दिले की त्याखालच्या फुप्फुसाच्या टोकाला काही महिन्यांनी डाग आणि व्रण दिसू लागतात. फुप्फुसाचे टोक म्हटले की आपल्याकडे आधी टीबी आठवतो, आणि एखाद्या बाईंना थुंकीची तपासणी न होताच एकेटी (टीबीची औषधे) सुरू झालेली मी पाहिली आहे. उलटही होते: खरा टीबी ‘रेडिएशनचा बदल’ म्हणून सोडून दिला जातो. किरणांचे क्षेत्र दाखवणारा प्लॅनचा एक छापील कागद जुन्या सीटीसोबत समोर ठेवला, की यातले बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात वेळेचे पथ्य असते. किरण आणि केमो संपल्यानंतर पेट-सीटी सहसा बारा आठवड्यांनी करतात, कारण त्याआधी केला तर सूजच आजारासारखी उजळते आणि घरच्यांची झोप उडते.

सगळे एकाच छताखाली असावे का, याचे माझे उत्तर ‘असेल तर उत्तम, पण तेवढ्याने काम होत नाही’ असे आहे. एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर बसून वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे विभाग मी पाहिले आहेत, आणि ठाण्यातील स्वतंत्र सेंटरमध्ये बसून संध्याकाळी आमच्या ट्यूमर बोर्डला (वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी मिळून केस पाहण्याच्या बैठकीला) ऑनलाइन हजर राहणारे रेडिओलॉजिस्टही पाहिले आहेत. खारघरच्या ॲक्ट्रेक किंवा परळच्या टाटासारख्या संस्थांत अवयवानुसार गट असतात आणि अशी बैठक ठरलेलीच असते. लहान रुग्णालयांत ती आठवड्यातून एकदा होते, काही ठिकाणी होतच नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून देशभरातील कर्करोग केंद्रांना जोडत आहे, त्यामुळे अवघड केससाठी बाहेरचे मत मागवणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. म्हणून इमारत पाहू नका. ‘आईंची केस ट्यूमर बोर्डात मांडली का, आणि त्या दिवशी रेडिओलॉजिस्ट होते का?’ असे सरळ विचारा. हा प्रश्न उद्धट नाही, आणि चांगल्या डॉक्टरला तो आवडतो.

आता आपण प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. नौपाड्यातील सेंटरमधून एमआरआयचा मूळ डायकॉम डेटा (स्कॅनची डिजिटल फाइल) पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर मागून घ्या. फिल्म फ्युजनसाठी चालत नाहीत, आणि ट्यूबलाइटसमोर धरून काढलेले फिल्मचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणे तर निरुपयोगीच. सेंटरने लिंक पाठवली असेल तर तिची मुदत संपण्याआधी ती उतरवून घ्या, आणि आईंचे नाव बायॉप्सीवर व एमआरआयवर एकसारखेच लिहिले आहे ना, हे तपासा. बायॉप्सीचा रिपोर्ट आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनी तपासून लिहिलेला कागद यांची प्रत त्या रेडिओलॉजिस्टला नेऊन द्या आणि नोडविषयी पुरवणी रिपोर्ट मिळेल का, असे विचारा; बहुतेक सेंटर तो देतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे मोबाइल क्रमांक द्या, कारण आमच्या धावपळीत कित्येकदा तेवढ्यासाठीच बोलणे राहून जाते. प्लॅनिंग सीटीचे पैसे रेडिएशनच्या पॅकेजमध्ये धरले आहेत की वेगळे आहेत, हेही आधीच विचारून घ्या. रुग्णालयागणिक ते बदलते.

उपचार संपतील तेव्हा डिस्चार्ज कार्डाखेरीज एकूण मात्रा, बैठका, किरण दिलेला भाग, वरची कड कोणत्या मणक्यापर्यंत होती आणि शेवटची तारीख, एवढे असलेला सारांश मागून घ्या. तीन महिन्यांनंतरचा एमआरआय शक्यतो त्याच नौपाड्यातील सेंटरमध्ये करा, म्हणजे तुलनेसाठी जुना स्कॅन त्यांच्याकडेच असेल, आणि आत जाण्याआधी हा सारांश खिडकीवर द्यायला विसरू नका. सिम्युलेशनची तारीख मिळाली असेल, तर डायकॉमचा पेन ड्राइव्ह निदान आदल्या दिवशी तरी रेडिएशन विभागातील फिजिसिस्टकडे पोहोचू द्या. कधीकधी फाइल उघडत नाही, आणि ते त्या दिवशी सकाळी कळले तर दुसरी प्रत आणायला कोणालातरी पुन्हा ठाण्याला पळावे लागते.